लढाईची फिर्याद

आजोबांच्या रुमालात काय असेल याबद्दल आमच्या घरात दोन मतं होती. बाबा म्हणायचे जमिनीचे कागद, आत्या म्हणायची पत्रिका. रुमाल म्हणजे दफ्तराचा रुमाल, कागदांची चळत बांधून ठेवायचं खारव्याचं लाल फडकं. २०१९ च्या मे महिन्यात सावंतवाडीला माठेवाड्यातल्या घराची कौलं परतायला माणसं चढली, तेव्हा उंदरांच्या लेंड्यांसकट तो माळ्यावरून खाली आला. मी गाठ सोडली. जमीन नव्हती, पत्रिकाही नव्हती. वरच्या पातळ कागदांवर इंग्रजी टाइप केलेला मजकूर होता, १९३९ चा डिफेन्स ऑफ इंडिया ॲक्ट. त्याखाली साठ-पासष्ट बंद, म्हणजे दफ्तराचे सुटे कागद, सगळे मोडीत, आजोबांच्या हातचे.

आजोबा सावंतवाडी संस्थानच्या दरबारात भाषांतराचे कारकून होते, एवढंच मला ठाऊक होतं. ते गेले तेव्हा मी आठ वर्षांचा. त्यांची माझ्याकडची आठवण म्हणजे तपकिरीचा वास आणि कोणी चुकीचा शब्द वापरला की नाकातून येणारा ‘हं’. आता त्या ‘हं’चे साठ-पासष्ट बंद माझ्यासमोर होते आणि मला त्यातली एक ओळ वाचता येत नव्हती.

मोडी शिकलो. रविवारचा वर्ग, सात महिने. अक्षरं ओळखणं तसं अवघड नाही. आधी ओळीभर रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं, टाक शक्यतो उचलायचा नाही, हे एकदा डोळ्यांत बसलं की अक्षर सापडतं. अवघड असतं ते शब्द तोडणं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पंचाईतच नाही. तिसऱ्या बंदावर मला ‘दिवेबंदरातलावू’ असं काहीतरी दिसलं. मी ‘दिवे बंद’ असं तोडलं आणि सावंतवाडीत ब्लॅकआउट होता म्हणून भावाला रात्री फोन केला. मोती तलावाच्या काठी काळोख, राजवाड्याच्या खिडक्यांना काळे कागद, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, पुढचं वाचा. पुढे होतं ‘लावू नयेत’. म्हणजे दिवे बंदरात लावू नयेत. आरोंद्याच्या खाडीवर होड्या लागतात तिथली गोष्ट. भावाला परत फोन करण्याचं धैर्य झालं नाही. त्याच्या मते सावंतवाडीत अजून ब्लॅकआउट आहे.

मला सुरुवातीला कळत नव्हतं ते हे, की कायदा दिल्लीत झाला होता ना, मग तो सावंतवाडीत कारकुनाने रात्री जागून पुन्हा का लिहायचा?

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. इथल्या कुठल्याही निवडून आलेल्या माणसाला विचारलं नाही. त्याच दिवशी वटहुकूम निघाला आणि २९ सप्टेंबरला त्याचा रीतसर कायदा झाला. पण तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. संस्थानातली माणसं ब्रिटिश प्रजाजन नव्हती, कायद्याच्या भाषेत ती ‘ब्रिटिशांनी संरक्षण दिलेली माणसं’ होती. दिल्लीचा कायदा संस्थानात फक्त तिथे राहणाऱ्या ब्रिटिश प्रजाजनांना आणि सरकारी नोकरांना लागू. वेंगुर्ल्याचा माणूस वाडीत, म्हणजे सावंतवाडीत, येऊन अफवा पसरवू लागला तर त्याला दिल्लीचा कायदा धरणार; वाडीचाच माणूस तीच अफवा तेच शब्द वापरून पसरवू लागला तर त्याला धरायला दरबाराचा कायदा हवा.

हे वेंगुर्ल्याचं सांगितलं तर बाहेरच्याला गंमत वाटते. वाडीपासून वेंगुर्लं पंचवीस-तीस किलोमीटर, पण सव्वाशे वर्षं ते दुसऱ्या राज्यात होतं. १८१२ मध्ये सावंतवाडीने वेंगुर्लं इंग्रजांना दिलं, १८१९ च्या तहात उरलेला किनाराही गेला. राहिली ती मागची जमीन, डोंगर आणि तेरेखोलची खाडी. खाडीपलीकडे पोर्तुगीज. म्हणजे बाजाराला निघालेला बांद्याचा माणूस दिवसभरात तीन सरकारं ओलांडू शकत होता, आणि लढाईत त्यांतलं एक सरकार तटस्थ होतं.

म्हणून मग कागद फिरायचे. व्हाइसरॉय हाच संस्थानांसाठी बादशहाचा प्रतिनिधी, १९३७ पासून ही वेगळी खुर्ची झाली होती. माणूस एकच, खुर्च्या दोन. त्या दुसऱ्या खुर्चीखालचं राजकीय खातं कोल्हापूरच्या रेसिडेंटाला, म्हणजे तिथल्या ब्रिटिश प्रतिनिधीला, लिहिणार, रेसिडेंट दख्खनच्या संस्थानांना लिहिणार, त्यांत सावंतवाडी आली, मुरुडचा जंजिराही आला. या व्यवहारात हुकूम हा शब्द येत नाही. येतो तो ‘सल्ला’. दरबाराने असा कायदा करणं इष्ट ठरेल, असा सल्ला. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंग यांनी निजामाला स्वच्छ लिहून कळवलं होतं की हिंदुस्थानात बादशहाची सत्ता सर्वश्रेष्ठ आहे. निजामाची ही गत, तिथे सल्ला ऐकायचा की नाही हा प्रश्न वाडीच्या दरबाराला पडण्याचं कारण नव्हतं. त्यात बापूसाहेब महाराज १९३७ मध्ये वारलेले, शिवरामराजे लढाई सुरू झाली तेव्हा बारा वर्षांचे, आणि राणीसाहेब पार्वतीदेवी रीजंट म्हणून कारभार पाहत होत्या. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, राजाच्या संस्थानात सल्ल्याचा आवाज जरा मोठाच येतो.

बापूसाहेब पहिल्या महायुद्धात स्वतः मेसोपोटेमियाला गेले होते. त्यांच्या मुलाच्या वाट्याला लढाई आली ती टाइप केलेल्या पातळ कागदांवर.

ते कागद आजोबांकडे आले आणि तिथून पुढे मला त्यांचा हात दिसायला लागतो.

दुसऱ्या बंदावर एक ओळ तीन वेळा खोडली आहे. इंग्रजी कायद्याच्या दुसऱ्या कलमात सरकार कशासाठी नियम करू शकेल ते दिलंय: देशाचं संरक्षण, सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, ‘एफिशियंट प्रॉसिक्यूशन ऑफ वॉर’ आणि समाजाच्या जीवनाला लागणारा पुरवठा. आजोबांची उमेदवारी फौजदारी कोर्टात झालेली. प्रॉसिक्यूशन म्हटलं की त्यांच्या टाकातून काय उतरणार? पहिल्या खर्ड्यात आहे ‘लढाईची योग्य फिर्याद’. खोडलं. ‘लढाईचा खटला नीट चालविणे’. खोडलं. ‘युद्धकार्याचा पाठपुरावा’. खोडलं, आणि बाजूला निळ्या पेन्सिलीत कोणा वरिष्ठाचं प्रश्नचिन्ह. शेवटी ‘लढाई नेटाने चालविणे’. हे वाचताना मला एकट्यालाच हसू आलं आणि मग जरा वेळ काही सुचेना. हिटलरवर सावंतवाडीच्या कोर्टात फिर्याद दाखल करायची, समन्स काढायचं, बेलिफ पाठवायचा. तिसऱ्या खोडाखोडीनंतर कागदाला भोक पडलंय.

मग मी रीतच बसवली. डावीकडे इंग्रजी कायदा, उजवीकडे आजोबांचा बंद, मध्ये वही. जिथे आजोबांनी जसंच्या तसं भाषांतर केलंय तिथे खूण नाही. जिथे शब्द बदललाय तिथे लाल ठिपका. पहिल्या आठवड्यातच दिसलं की ऐंशी टक्के मजकूर कोरा जाणार. तो छापील साचा होता, दख्खनच्या कुठल्याही दरबारात तोच भरला जाणार. लाल ठिपके पडत होते ते फार थोड्या जागी, पण तिथेच सगळी लढाई चालली होती.

उदाहरणार्थ ‘ब्रिटिश हिंदुस्थान’. वाटतं, तो खोडून ‘हे संस्थान’ लिहिलं की झालं. आजोबांनी आधी तेच केलं. मग ‘ब्रिटिश हिंदुस्थानच्या संरक्षणास बाध’ याचं झालं ‘या संस्थानच्या संरक्षणास बाध’. निळी पेन्सिल. बरोबर होती ती. सावंतवाडीच्या संरक्षणास बाध आणायला कोण येणार होतं, आंबोली घाटातून जर्मन? उलट मुंबईच्या गोदीबद्दल वाडीत कोणी अफवा उठवली, तर वकील उभा राहून म्हणणार की यात या संस्थानला काही बाध नाही. म्हणून तिसऱ्या खर्ड्यात ‘ब्रिटिश हिंदुस्थान व हे संस्थान’. पण सगळीकडे नाही. अधिकार कोणाला, तिथे फक्त दरबार. गुन्हा कुठे, तिथे फक्त संस्थान. नुकसान कोणाचं, तिथे दोन्ही. एकाच शब्दाला तीन ठिकाणी तीन वागणुका, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचार केल्याचा शाईचा डाग.

त्याहून नाजूक शब्द ‘शत्रू’. इंग्रजी मजकुरात शत्रू म्हणजे बादशहांशी लढाईत असलेली सत्ता. दरबाराने स्वतः कोणाशीच युद्ध पुकारलेलं नव्हतं, पुकारायचा अधिकारही नव्हता. मग दरबाराच्या कायद्यात शत्रू कोणाचा? आजोबांनी लिहिलंय की बादशहांचा जो शत्रू तो या संस्थानचाही शत्रू समजावा. ‘समजावा’. मी सरांना विचारलं, हे नेहमीचं कायद्याचं मराठी का? ते म्हणाले, आहे नेहमीचंच. पण मला ते क्रियापद आवडलं. मैत्री करावी लागत नाही, वैर धरावं लागत नाही, समजावं लागतं.

शिक्षेच्या कलमाने तर कमाल केली. शत्रूला मदत करण्याच्या हेतूने गुन्हा केला तर फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी, ही मूळ इंग्रजीतली तरतूद. आजोबांनी इमानेइतबारे ‘काळे पाणी’ उतरवलं. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी अंदमान घेतलं. आता शत्रूला मदत करणाऱ्याला शिक्षा म्हणून शत्रूच्या ताब्यातल्या बेटावर धाडायचं, असं कायद्याच्या पुस्तकात छापून राहिलं. व्यवहारात काळं पाणी म्हणजे इथलाच तुरुंग, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी बंदावर त्या शब्दाखाली पेन्सिलीची एक बारीक रेघ आहे, काही न लिहिता मारलेली. ती मला ‘हं’सारखी ऐकू येते.

दुरुस्त्या हा वेगळाच प्रकार. लढाई जशी वळत होती तसे दिल्लीचे नियम बदलत होते. नवा शब्द, नवं पोटकलम, की त्याची चिठ्ठी यायची. आजोबा तिचं भाषांतर पट्टीवर लिहून मूळ मजकुरावर खळीने चिकटवत. भाताची खळ, घरातलीच. पुढे ऐंशी वर्षं कसरीने ती खळ खाल्ली. शाईचा कागद तिने सोडला, खळीचा कागद वेचून खाल्ला. त्यामुळे मूळ कायदा शाबूत आहे आणि जिथे जिथे दुरुस्ती होती तिथे जाळी. जास्तीत जास्त जाळी नियम २६ आणि नियम ८१ च्या पानांवर. पहिला स्थानबद्धतेचा, दुसरा माल, साठा आणि भाव यांच्या नियंत्रणाचा. कोणत्या नियमांनी माणसांना छळलं हे इतिहासकारांच्या आधी कसरीला कळलं होतं.

त्या २६ बद्दल सांगायलाच हवं. मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात एप्रिल १९४३ मध्ये दिल्लीच्या फेडरल कोर्टाने निकाल दिला की हा नियम मूळ कायद्याच्या अधिकाराबाहेर जातो, म्हणून अवैध. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर, इंग्रज माणूस, ऐन लढाईत, बेचाळीसच्या चळवळीनंतर आठ महिन्यांनी. काही दिवसांतच व्हाइसरॉयने वटहुकूम काढून मागचं-पुढचं सगळं वैध करून टाकलं, तो भाग वेगळा. पण निदान तिकडे कोर्ट होतं. संस्थानं फेडरेशनमध्ये, म्हणजे प्रांत आणि संस्थानं यांच्या ठरवलेल्या संघराज्यात, सामील झालीच नव्हती, त्यामुळे त्या कोर्टाची सत्ता इकडे पोचत नव्हती. दिल्लीचा नियम मोडीत निघाला तरी त्याचं मराठी भाषांतर आपल्या जागी उभं. नक्कल अस्सलापेक्षा टणक, असं हे काम. मी हे आत्याला समजावून सांगायला गेलो तर ती म्हणाली, “तुझ्या आजानं केलेला काम मोडाचा नाय, माका ठावक हा. त्येनं बांधलेलो गडगो बघ अजून.”

मधे मुरुडला एका लग्नाला गेलो होतो. संध्याकाळी किनाऱ्यावर बसून जंजिऱ्याकडे बघताना सहज मनात आलं, हाच साचा इथेही आला असणार. नवाब सिद्दी मुहम्मद खान तेव्हा वयात आलेले, १९३३ पासून पूर्ण अधिकार हातात. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, सगळीकडे समुद्र. आजोबांच्या रुमालात बंदराचे दिवे दीड ओळीत आटपले, इथल्या कारकुनाला त्यावर किती बंद खर्ची घालावे लागले असते! त्याचाही कोणी नातू असेल, त्याच्याही माळ्यावर काही असेल. लग्नातलं जेवण उत्तम होतं, विशेषतः पापलेट.

खरं पान मला सापडलं ते शेवटी, आणि तेही बाहेरच्या बाजूने.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. कोकणाने आपलं पोट भरेल एवढा भात कधीच पिकवला नव्हता. मुंबईच्या मनिऑर्डरी आणि बाहेरचा तांदूळ यांवर इथली चूल चालायची. रॉकेल मिळेना, साखर मिळेना. तांब्याची एवढी टंचाई की १९४३ मध्ये सरकारने पैशाच्या मधोमध भोक पाडलं. आत्या तो भोकाचा पैसा दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. खाडीपलीकडे गोव्यात पोर्तुगीज तटस्थ, मुरगावच्या बंदरात जर्मन आणि इटालियन जहाजं आश्रयाला येऊन नांगर टाकून बसलेली, मार्च १९४३ मध्ये ती पेटेपर्यंत. आणि या दोन सरकारांच्या मधे, आरोंद्याला रात्री होड्या. बंदरात दिवे का लावायचे नाहीत आणि कोणाला ते तसंही नकोच होते, हे मला तेव्हा उमगलं.

तर धान्यसाठ्याचा खर्डा. कुटुंबामागे अमुक इतकंच भात ठेवावं, जास्तीचं कळवावं. आता कुटुंब म्हणजे काय? इंग्रजीत ‘हाउसहोल्ड’. आजोबांनी ‘घर’ लिहिलं, खोडलं, कारण आमच्याकडे एका घरात चार भाऊ. ‘कुटुंब’ लिहिलं, खोडलं, कारण मुंबईला गिरणीत असलेला भाऊ कुटुंबातला पण जेवायला घरी नाही. मग समासात स्वच्छ अक्षरात एक ओळ: एका चुलीवर जेवणारी माणसे. निळ्या पेन्सिलीची बरोबरची खूण. साठ-पासष्ट बंदांत एवढी ठसठशीत खूण दुसरी नाही. मला मनापासून अभिमान वाटला. दिल्लीला, कोल्हापूरला कोणाला हे सुचलं नसतं. कोकणात वाटणी होते ती कागदावर नंतर आणि चुलीवर आधी.

गणपतीत घरी गेलो तेव्हा ती ओळ आत्याला वाचून दाखवली. आत्या आता अठ्ठ्याऐंशीची आहे. ऐकताना ती आधी गप्प बसली आणि मग तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून हसली.

“तो मोठ्यान वाचून बघी,” ती म्हणाली. “रातचो. घरात रॉकेल नाय, आणि ह्यो कचेरीचो कंदील लावन कायदे वाचता. आये वयनात भांडी घाशी आणि कान देवन ऐकी.”

“मग?”

“मगे काय? चुलीचा ऐकल्यान, आणि दुसऱ्या दिसा सकाळी पडवेत तीन दगड मांडल्यान. सासू वेगळी झाली म्हणून सांगल्यान गावभर. दोन चुली झाले, दोन वाटे झाले. कणगी होती तशीच रवली.”

“आजोबा काही बोलले नाहीत?”

आत्याने नाकातून ‘हं’ केलं, हुबेहूब. मग काठी टेकत उठली आणि मला पडवीत घेऊन गेली. कोपऱ्यात आता वॉशिंग मशीन आहे. त्याच्यामागे भिंतीला काठी लावून म्हणाली, “थय. पण तिच्यार एक दिवस पण भात शिजाक नाय.”

मी मशीन जरा पुढे ओढलं. भिंत पांढरीशुभ्र होती, धुराचा डाग कुठेच नव्हता.